आधी गेट, मग हॉटेल, मग रेल्वे: कोल्हापुरातून जंगल सफारीला निघणाऱ्यांसाठी

दिवाळीच्या सुट्टीला आठ-दहा दिवस राहिले की मला फोन सुरू होतात. "हॉटेल झालंय, रेल्वेची तिकिटं झालीत, आता तेवढं सफारीचं कसं करायचं सांग की." आता ह्याला काय सांगायचं? हॉल ठरला, आचारी ठरला, पत्रिका छापून झाल्या आणि आता मुलगी बघायची राहिली, असा सगळा प्रकार.

हसतोय खरं, पण पहिल्यांदा मीसुद्धा हेच केलं होतं. ताडोब्याला मोहर्लीत हॉटेल घेतलं, फोटो बघून, स्वस्त पण होतं. नंतर परमिट काढायला बसलो तर मोहर्लीचं सगळं फुल, कोलाऱ्याचं एक दिसलं, ते घेतलं. म्हटलं ताडोबाच की, दोन्ही एकाच जंगलाची गेटं, असतील चार-पाच किलोमीटरवर. तिथं गेल्यावर कळलं की एक ह्या टोकाला आणि एक त्या टोकाला, मधून जंगलातनं जाऊ देत नाहीत, बाहेरनं वळसा घालून जायचं. पहाटे तीनला उठून निघालो, रस्ता चुकलो, आणि कोलाऱ्याला पोचलो तेव्हा सगळ्या जिप्सी (सफारीच्या उघड्या जीप) आत गेलेल्या, गेटवरचा पोरगा आडवा बांबू खाली टाकून चहा पीत बसला होता. परमिट वाया. सहा जणांचं. बायको त्यावर अजून बोलते.

म्हणून हे सगळं क्रमानं लिहितोय, आणि क्रमच महत्त्वाचा आहे. कुठला वाघ कुठं दिसतो वगैरे मी सांगणार नाही, ते गाइडला विचारा.

१. आधी महिना बघा, मग जंगल ठरवा

लोक उलटं करतात. "आम्हाला काझीरंगाच बघायचंय" आणि सुट्टी कधी, तर ऑगस्टमध्ये. ऑगस्टमध्ये ब्रह्मपुत्रेचं पाणी पार्कात असतं हो.

ढोबळ हिशेब असा. मध्य भारतातली जंगलं, म्हणजे ताडोबा, पेंच, कान्हा, बांधवगड, ह्यांचा कोअर भाग, म्हणजे आतलं मुख्य जंगल, जुलै ते सप्टेंबर बंद. ऑक्टोबरला उघडतात तेव्हा जंगल हिरवंगार असतं, दिसायला देखणं पण गवत उंच, जनावर दहा फुटांवर बसलं असलं तरी दिसायचं नाही. डिसेंबर-जानेवारीत थंडी कडक. मार्चपासून पानगळ झालेली असते, पाणी कमी होत जातं, जनावरं पाणवठ्यावर येतात, त्यामुळं एप्रिल-मेमध्ये सायटिंग, म्हणजे जनावर दिसणं, जास्त, पण चंद्रपूरचं ऊन म्हणजे ४५ च्या पुढं. पंचगंगेच्या काठावर वाढलेल्या माणसाला ते ऊन झेपत नाही, दुपारच्या सफारीत अक्षरशः भट्टीसमोर बसल्यासारखं होतं. घरात म्हातारी माणसं किंवा पाच-सहा वर्षांची पोरं असतील तर फेब्रुवारी नाहीतर मार्चची सुरुवात धरा, ऊन पण सोसवतं आणि झाडी पण विरळ होत आलेली असते.

रणथंबोरचे १ ते ५ नंबरचे झोन पण जुलै ते सप्टेंबर बंद. गीर १६ जून ते १५ ऑक्टोबर बंद. तिथंच जवळ देवळिया आहे, ते चालू असतं, पण ते कुंपण घातलेलं सफारी पार्क आहे, गीरचं जंगल नव्हे, हे लक्षात घ्या. दरवर्षी कोणीतरी देवळियाचं तिकीट काढून येतं आणि "गीर बघितलं" म्हणतं. कॉर्बेटचा ढिकाला भाग १५ नोव्हेंबरला उघडतो आणि १५ जूनला बंद होतो, झिरना आणि ढेला मात्र वर्षभर. काझीरंगा साधारण मे-जूनपासून ऑक्टोबरपर्यंत बंद असतं, आणि उघडल्या उघडल्या जाऊ नका, तिथलं गवत हत्ती बुडेल एवढं वाढलेलं असतं. जानेवारी-फेब्रुवारीत ते गवत जाळतात, मग मैदान मोकळं होतं आणि गेंडे लांबून दिसतात. फेब्रुवारी-मार्च तिथं बेस्ट.

पावसाळ्यातच सुट्टी मिळत असेल तर कर्नाटक. नागरहोळे, बंदीपूर पावसातपण चालू असतात, आणि कोल्हापूरकरांना दक्षिणेला जायला तसा रस्ता पण सरळ आहे. ताडोब्याचे काही बफर (कोअरच्या भोवतीच्या जंगलाचे) गेट पण पावसात चालू ठेवतात, पण पाऊस जास्त झाला की रस्ते बंद होतात.

सावधान: पाच दिवसांत तीन जंगलं असा प्लॅन करू नका. अर्धा वेळ गाडीत जातो. एक जंगल, निदान तीन-चार सफारी, दोन मुक्काम. एका सफारीत काही नाही दिसलं तर माणूस नाराज होतो, चार केल्या की जंगल कळायला लागतं.

२. कॅलेंडरवर बंद दिवस खोडा

हे काम दहा मिनिटांचं आहे आणि कोणी करत नाही. ताडोब्याचा कोअर मंगळवारी बंद. मध्य प्रदेशातल्या कान्हा, बांधवगड, पेंच वगैरेला बुधवारी दुपारची सफारी नसते, सकाळची असते. म्हणजे तुम्ही मंगळवारी रात्री पोचून बुधवारी दोन सफारी धरल्या असतील तर एक आधीच गेली. होळी-दिवाळीला पण काही ठिकाणी एखादी सफारी बंद असते, साइटवर सूचना टाकलेल्या असतात, त्या वाचा.

शनिवार-रविवार आणि जोडून सुट्ट्या शक्यतो टाळा. मधल्या वारांना गर्दी कमी, बऱ्याच ठिकाणी दर पण कमी. पोरांची शाळा दोन दिवस बुडाली तर काही बिघडत नाही (हे माझं मत, हेडमास्तरांचं नाही).

३. गेट ठरवा. हॉटेल नाही, गेट

मूळ गोची इथंच होते, म्हणून जरा सावकाश वाचा.

आपल्याकडं जंगल म्हटलं की एक दरवाजा असतो असं डोक्यात असतं. मोठ्या व्याघ्र प्रकल्पाला पाच-सहा-दहा गेटं असतात, वेगवेगळ्या तालुक्यांत, कधी वेगवेगळ्या जिल्ह्यांत. परमिट काढताना गेट किंवा झोन निवडावा लागतो आणि त्याच गेटनं आत जावं लागतं. दुसऱ्या गेटवर ते परमिट म्हणजे रद्दी.

ताडोबा: कोअरची गेटं मोहर्ली, खुटवंडा, कोलारा, नवेगाव, पांगडी, झरी. बफरची वेगळी, आगरझरी, देवाडा, जुनोना, मदनापूर, अलीझंझा आणि अजून बरीच. मोहर्ली-आगरझरी-देवाडा-जुनोना ही चंद्रपूरच्या बाजूची, कोलारा-मदनापूर-अलीझंझा ही चिमूरच्या बाजूची. एका बाजूचीच घ्या.

कान्हा: खटिया-किसली एका बाजूला, मुक्की पार दुसऱ्या बाजूला. मुक्की आपल्याला का सोयीचं ते पुढं सांगतो.

बांधवगड: ताला, मगधी, खितौली. इथं तालाजवळ राहिलं की ताला-मगधी दोन्ही जमतं, हे त्यातल्या त्यात सोपं.

पेंच: हा तर घोळाचा बादशहा. पेंच दोन राज्यांत आहे. तुरिया, कर्माझिरी, जमतारा ही मध्य प्रदेशची गेटं, सिल्लारी, खुर्सापार, चोरबाहुली ही महाराष्ट्राची. दोन राज्यं, दोन साइट, दोन दर, बंद दिवस पण वेगळे. "पेंच फुल आहे" म्हणून रडत बसलेल्या माणसानं बऱ्याचदा एकच साइट बघितलेली असते. आणि तुरियाला राहून कर्माझिरीचं परमिट काढलं तर बाहेरनं लांबचा वळसा आहे, माझ्या मोहर्ली-कोलाऱ्यासारखाच.

काझीरंगा: कोहोरा, बागोरी, अगराटोली, बुरापहाड अशा रेंज. कोहोरा मधली, तिथं राहिलं की बागोरी आणि अगराटोली दोन्हीकडं जाता येतं.

कॉर्बेट: बिजरानी, झिरना, ढेला, दुर्गादेवी, ढिकाला. ढिकाल्याचं वैशिष्ट्य म्हणजे जंगलाच्या आत खात्याच्या विश्रामगृहात मुक्काम करता येतो, आणि एका दिवसासाठी जाणाऱ्यांना तिथं कँटरमधूनच (मोठ्या उघड्या गाडीतून) नेतात. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, ढिकाल्यात मांसाहार आणि दारू दोन्ही बंद. आमच्या ग्रुपमधल्या एकानं हे ऐकून नावच काढून घेतलं, दोन दिवस तांबड्या रश्श्याशिवाय जगणं त्याच्यानं होत नाही म्हणे.

तपासा: निवडलेलं गेट मोबाइलच्या नकाशावर टाका, आणि ते कुठल्या शहरापासून किती तास, हे कागदावर लिहा. किलोमीटर नको, तास. जंगलाकडेच्या रस्त्यावर चाळीस किलोमीटरला दीड तास लागू शकतो.

४. परमिट काढा, आणि तेही साक्षीपुराव्यानिशी

सगळी मोठी जंगलं आता ऑनलाइन. प्रत्येक राज्याच्या वनखात्याची साइट वेगळी, सगळ्या भारताची एक साइट नाही. गूगलवर नाव टाकलं की वर ज्या चार साइट येतात त्यांतल्या तीन एजंटांच्या असतात, दिसायला अगदी सरकारी, वर अशोकस्तंभापर्यंत सगळं. एजंट वाईट असतात असं नाही, पण आपण कोणाला पैसे देतोय ते कळलं पाहिजे. सरकारी साइटच्या पत्त्यात सहसा 'गव्ह डॉट इन' असतं. ते नसेल तर थांबा आणि खात्री करा.

बुकिंग दोन-तीन-चार महिने आधी उघडतं, जंगलाप्रमाणे वेगळं. एप्रिल-मेच्या शनिवार-रविवारच्या चांगल्या गेटच्या जागा उघडल्या उघडल्या संपतात, त्यामुळं त्या दिवशी तयारीत बसायचं:

आदल्या दिवशीच लॉगिन करून ठेवा, मोबाइल नंबर व्हेरिफाय करून ठेवा. ऐनवेळी ओटीपी येत नाही हा जगाचा नियम आहे.

सगळ्यांची नावं, वय, ओळखपत्राचा नंबर एका कागदावर. नाव ओळखपत्रावर आहे तसंच्या तसं. आमच्या आत्याचं आधार माहेरच्या नावाचं आणि घरात सगळे सासरच्या नावानं ओळखतात, परमिटवर सासरचं नाव टाकलं गेलं. गेटवर अर्धा तास समजावत बसलो, शेवटी लग्नपत्रिकेचा फोटो घरून मागवला व्हॉट्सअपवर, तेव्हा सोडलं. प्रत्येक वेळी सोडतीलच असं नाही.

आणि जो नंबर टाकलाय तेच ओळखपत्र, ओरिजिनल, सोबत. आधार टाकून लायसन्स दाखवू नका. झेरॉक्स चालेल का, तर नाही, चालणार नाही असंच धरा.

जिप्सीत पर्यटक सहा. ड्रायव्हर आणि गाइड वेगळे. आपला ग्रुप नेहमी सात जणांचा होतो, का कोण जाणे. सात म्हणजे दोन जिप्सी, डबल खर्च. एकतर सहावर थांबा नाहीतर आठ-दहा करा म्हणजे वाटून जाईल. एकटे-दुकटे असाल तर काही ठिकाणी एकेक सीट मिळते, आणि रणथंबोरसारख्या ठिकाणी वीस सीटचं कँटर असतं, स्वस्त पडतं, पण त्यात गोंगाट असतो.

पैसे कापले गेले आणि परमिट आलं नाही तर लगेच दुसरं बुक करू नका. आधी 'माय बुकिंग' बघा, पंधरा-वीस मिनिटं थांबा, बँकेचा मेसेज जपून ठेवा. घाईत दोनदा बुक करणारे लई बघितलेत.

सावधान: परमिटची रक्कम म्हणजे सगळा खर्च नव्हे. बऱ्याच जंगलांत जिप्सीचं भाडं आणि गाइडची फी वेगळी, गेटवर द्यावी लागते, कॅमेऱ्याची फी पण कुठं कुठं असते. तिथं नेटवर्क नसतं त्यामुळं यूपीआयच्या भरवशावर जाऊ नका, रोख न्या, सुट्टे न्या. आणि नाव बदलणं बहुतेक ठिकाणी होत नाही, म्हणजे "मी नाही येत, माझ्याऐवजी भावाला पाठवतो" चालत नाही. ज्याचं नक्की आहे त्याचंच नाव टाका, "बघू, जमलं तर येतो" वाल्यांना घरी ठेवा.

कर्नाटकात नागरहोळ्याच्या कडेला काबिनी आहे, तिचं वेगळं आहे. तिथं सफारी बऱ्याचदा मुक्कामाच्या पॅकेजमध्येच येते, त्यामुळं तिथं हॉटेल आणि सफारी एकदमच ठरतं. हॉटेल घेण्याआधी विचारा, सफारीची सीट नक्की आहे का, जीपची की बोटीची की बसची. "सफारी अरेंज करून देऊ" म्हणजे सीट नक्की नव्हे.

५. आता हॉटेल

परमिट हातात आल्यावरच. गेटपासून वीस मिनिटांच्या आत. स्विमिंग पूल, रेन डान्स असलं काही बघू नका, पहाटे साडेचारला उठवणारा आणि पाचला चहा देणारा माणूस आहे का ते बघा. फोनवर तीनच प्रश्न विचारा: कुठल्या गेटपासून किती मिनिटं, सकाळी बांधून नाष्टा देता का, आणि जिप्सी हॉटेलवर न्यायला येते की आम्हाला गेटवर जावं लागेल. तिसऱ्याचं उत्तर गोलमोल आलं तर गेटवर स्वतःच्या गाडीनं जायची तयारी ठेवा.

६. रेल्वे

इथं एक पेच आहे. रेल्वेचं बुकिंग ६० दिवस आधी उघडतं (आधी १२० होतं, नोव्हेंबर २०२४ पासून बदललं). म्हणजे सफारीचं परमिट तुम्ही तीन महिने आधी काढलं तर तिकीट तेव्हा मिळतच नाही. घाबरायचं काही नाही, साठावा दिवस मोबाइलमध्ये अलार्म लावून ठेवा, आणि परमिटमध्ये एक दिवस मोकळा धरा. गाडी सकाळी पोचणार म्हणून त्याच दुपारची सफारी असलं काही करू नका, गाडी चार तास लेट झाली की संपलं.

कोल्हापूरकरांसाठी सोन्यासारखी गाडी म्हणजे महाराष्ट्र एक्सप्रेस. दुपारी कोल्हापुरातनं निघते, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नागपूर, रात्री गोंदिया. लांबचा प्रवास आहे, पण गाडी बदलायची नाही, सामान उचलायचं नाही. ताडोब्याला वर्धा किंवा नागपूरला उतरा, पेंचला नागपूर. आणि कान्ह्याला लोक नागपूरला उतरून खटियाला जातात, त्यापेक्षा शेवटपर्यंत गोंदियाला जा, रात्री तिथं झोपा, सकाळी बालाघाट-बैहरमार्गे मुक्की गेट तीन-साडेतीन तास. दुपारची सफारी न धरता पोचल्या दिवशी आराम करा, दुसऱ्या सकाळपासून सुरू.

बाकीची थोडक्यात. बांधवगडला उमरिया स्टेशन जवळ, पण आपल्याकडनं गाडी बदलावी लागते. रणथंबोरला सवाई माधोपूर, ते मुंबई-दिल्ली मेन लाइनवर, म्हणजे इथून मुंबईला जाऊन तिथनं. गीरला अहमदाबादहून जुनागढ-सासण. कॉर्बेटला दिल्लीहून रामनगर. काझीरंगाला विमानाशिवाय मजा नाही, जोरहाट जवळचं, साधारण शंभर किलोमीटर, गुवाहाटी दोनशेच्या पुढं पण तिथं विमानं जास्त. बंदीपूरहून पुढं तामिळनाडूतल्या मुदुमलईच्या जंगलाकडं गाडीनं जाणार असाल तर रात्री ९ ते सकाळी ६ तो रस्ता बंद असतो, अडकून बसाल.

७. जायच्या आधी एक तालीम: दाजीपूर

हा टप्पा सगळे गाळतात, आणि मला विचाराल तर हाच सगळ्यात स्वस्त आणि कामाचा. राधानगरी अभयारण्य आपल्या दारात आहे. एखाद्या रविवारी पहाटे निघा, राधानगरीच्या पुढं दाजीपूर, तिथनं जीप करून सावराई सड्यापर्यंत जाऊन या. पावसाळा सोडून.

तिथं काय शिकायचं? चार तास गप्प बसायला. आमच्या पोरांना पहिल्या वेळी वीस मिनिटं पण जमलं नव्हतं. दुर्बीण लावून झाडीत बघायला. आणि मुख्य म्हणजे जनावर कसं दिसतं ते. टीव्हीवर वाघ पडदाभर असतो, जंगलात जनावर म्हणजे सावलीचा एक तुकडा जो मघाशी नव्हता. गव्याचं तसंच आहे, एवढं मोठं धूड, पण सावलीत उभा असला की आधी दिसतात ते फक्त त्याचे पाय, गुडघ्याखाली पांढरे, मोजे घातल्यासारखे. पोरीनं पहिल्यांदा "बाबा, तिकडं कोणाचे तरी मोजे वाळत घातलेत" असं म्हटलं होतं. तो कळप होता, सात-आठ गव्यांचा.

कॅमेरा, कपडे, आजीची पाठ, सगळ्याची परीक्षा इथंच होऊ दे.

८. बॅग

कपडे मातकट, हिरवट, खाकी. पांढरं नको, लालभडक नको, मिलिटरी छापाचे पण नकोत. अत्तर-सेंट घरी.

थंडीला कमी लेखू नका. डिसेंबर-जानेवारीत कान्ह्याला पहाटे पारा शून्याच्या जवळपास जातो, त्यात उघडी जिप्सी आणि समोरून वारा. आपलं कोल्हापुरातलं जर्किन तिथं रुमालासारखं वाटतं. कानटोपी, हातमोजे, आतून थर्मल, आणि वर काढता येतील असे दोन-तीन थर, कारण नऊ वाजता परत गरम होतं. पायात बूट. कोल्हापुरी चप्पल घालून फोटो छान येतात, पायाची बोटं मात्र राहत नाहीत जाग्यावर.

दुर्बीण ८ बाय ४२ ची घ्या, म्हणजे ८ पट मोठं दिसतं आणि पुढची काच ४२ मिमीची. १० पटवाली हलत्या जिप्सीत डोकं दुखवते. घरात चौघं असाल तर निदान दोन दुर्बिणी, नाहीतर वाघ समोर आणि भांडण जिप्सीत.

मोठी लेन्स असेल तर बीन बॅग. विकतची नको, आईनं जुन्या जाड पडद्याच्या कापडाची शिवून दिली, एका बाजूला चेन. जाताना रिकामी न्यायची, तिथल्या किराणा दुकानातनं दोन किलो तांदूळ घेऊन भरायचा, जिप्सीच्या दांडीवर ठेवली की लेन्स हलत नाही. येताना तांदूळ हॉटेलच्या स्वयंपाकघरात देऊन टाकतो.

पाणी स्टीलच्या बाटलीत. धुळीसाठी स्कार्फ. आणि भडंग न्यायचंच असेल तर डब्यात न्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको. सांबराचा कॉल (धोक्याची चाहूल लागल्यावरचं ओरडणं) ऐकायला सगळे श्वास धरून बसलेत आणि मागच्या सीटवर पिशवीची खर्र खर्र, गाइडनं वळून जे बघितलं ते मी विसरलो नाही.

मोबाइल: ताडोब्याच्या कोअरमध्ये बंद आहे, बाकी ठिकाणीपण आता कडक झालंय. मोबाइलवरच फोटो काढणारे असाल तर साधा डिजिटल कॅमेरा कोणाचा तरी मागून न्या. परमिटची प्रिंट काढूनच न्या. ड्रोनचा विचारसुद्धा नको.

९. सफारीची सकाळ

गेटवर निदान अर्धा-पाऊण तास आधी. खिडकीवर परमिट-ओळखपत्र दाखवा, मग रोस्टरप्रमाणे, म्हणजे त्यांच्या पाळीच्या यादीनुसार, गाइड आणि बऱ्याच ठिकाणी जिप्सी पण मिळते, "आम्हाला तोच ड्रायव्हर पाहिजे" चालत नाही. जिप्सीचा नंबर कागदावर आणि गाडीवर एकच आहे ना बघा.

बसताना: मागची उंच सीट दिसायला भारी, पण धक्के सगळ्यात जास्त तिथंच. पाठीचा त्रास असलेल्याला मधल्या सीटवर. आजी-आजोबांना पुढं-मागं करण्यात गेटवर वेळ घालवू नका, आदल्या रात्रीच ठरवा. बाथरूमला जाऊन या. आत ठरलेल्या जागा सोडून कुठंही उतरता येत नाही, आणि सकाळची सफारी चार-पाच तासांची असते.

गाइडला निघतानाच सांगा की आम्हाला वाघच पाहिजे असं नाही, पक्षी, अस्वल, रानकुत्री, जे दिसेल ते दाखवा, घाई नाही. हे एक वाक्य सगळी सफारी बदलतं. नाहीतर तो बिचारा टेन्शनमध्ये पाणवठ्यावरून पाणवठ्यावर गाडी पळवत राहतो आणि तुम्हाला नुसती धूळ.

१०. आत गेल्यावर

इंजिन बंद करून थांबायला लावा. ऐका. चितळ घाबरलं की शिट्टीसारखं तीक्ष्ण ओरडतं, पण चितळाचं फार मनावर घेऊ नका, ते कशालाही ओरडतं. झाडाच्या शेंड्यावरनं वानर खाकरायला लागलं तर ते वरून बघतंय, तेव्हा तोंड कुठल्या दिशेला आहे ते बघा. आणि सांबर ओरडलं, तो 'ढाँक' असा घुमणारा आवाज, तर गंभीर, सांबर उगाच ओरडत नाही. दोन-तीन वेळा एकाच जागेवरून आला तर गाइडला सांगा थांबूया. पंधरा मिनिटं, वीस मिनिटं. दुसऱ्या जिप्सी कंटाळून निघून जातात तेव्हाच बऱ्याचदा काम होतं.

वाघ दिसला की सगळ्यात मोठी चूक म्हणजे उभं राहून "ओ ओ ओ" करणं. बसून राहा. ड्रायव्हरला "पुढं घे पुढं घे" करू नका, त्याच्यावर कारवाई होते, त्याचं काम बंद होतं, तुम्ही घरी निघून येता.

सावधान: पडलेलं शिंग, मोराचं पीस, हाड, काहीही उचलून खिशात टाकू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं प्रकरण आहे ते. "पडलेलंच होतं साहेब" हे उत्तर चालत नाही. पोरांचे खिसे गेटच्या आधी तपासा, मी तपासतो.

११. परतताना

गाइड आणि ड्रायव्हरला टीप द्यायची तर वाघ दिसला का नाही ह्यावर देऊ नका, त्यानं मेहनत किती केली त्यावर द्या. चांगला पक्षी दाखवणाऱ्याला मी जास्त देतो.

आणि परतीच्या गाडीत फसू नका. महाराष्ट्र एक्सप्रेस गोंदियाहून सकाळीच सुटते. "शेवटच्या दिवशी सकाळची सफारी करून तशीच गाडी पकडू" हे कान्ह्याहून जमतच नाही, मुक्कीहून गोंदिया तीन-साडेतीन तास. त्यामुळं शेवटची सफारी आदल्या दिवशी सकाळची धरा, जेवून दुपारी निघा, उजेडात गोंदियाला पोचा आणि रात्री तिथंच झोपा. सकाळी गाडीत बसलात की दुसऱ्या दिवशी दुपारी कोल्हापूर, जेवायला घरी.